जिन्यावरचा मी आणि खुर्चीतले साहेब

तरुणपणी एक अख्खं वर्ष मी ऑफिसला वरातीतून जात होतो. घोडा नव्हता, वाजंत्री नव्हती, नवरीचा तर पत्ताच नव्हता. पण बसायला खुर्ची होती, ती उचलायला दोन पैलवान होते आणि पुढं "सरका, सरका" करत वाट मोकळी करणारा शिपाई होता. नळावरच्या बायका घागरी बाजूला घ्यायच्या. पानपट्टीवाला हात कपाळाला लावून सलाम ठोकायचा. आणि वर बसलेला मी, दरमहा कारकुनाचा पगार घेणारा हंगामी नोकर, मान तुकवून सगळ्यांचे नमस्कार स्वीकारत पुढं जायचो.

आता हे असं का, ते सांगतो.

माझा उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, पण कामावर येत नाही. त्याला लोखंडी पट्ट्या आणि बक्कलं बांधून, हातात काठी घेऊन मी सपाट जमिनीवर कुठंही जातो. आमचं गाव शाहूवाडीकडचं, भाताच्या मुलखातलं. लावणीच्या दिवसांत सगळं गाव गुडघाभर चिखलात उभं असतं, आणि तो लोखंडी पाय एकदा चिखलात रुतला की बाहेर काढायला बैल जुंपावे लागतील. मग मला काम काय? बांधावर बसून पाखरं हाकलणं. थोरला भाऊ म्हणायचा, "बस की निवांत. आमी काय तुला टाकतोय व्हय?" टाकणार नव्हते हे मला पक्कं ठाऊक होतं. जन्मभर बांधावर बसायच्या भीतीनंच मी शिकलो, टायपिंगची परीक्षा दिली आणि अपंगांसाठी राखलेल्या एका जागेवर कोल्हापुरात कारकून म्हणून चिकटलो. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण त्या खात्याचं पेन्शन मला खायचं आहे.

नेमणूक एका वर्षापुरती होती. वर्ष संपताना पुण्याहून वरिष्ठ येणार, मला बघणार, आणि हा माणूस कामाच्या जागी दुसऱ्याच्या मदतीवाचून ये-जा करू शकतो असं त्यांना वाटलं तर मी कायम. नाही वाटलं तर बांध आणि पाखरं. अट साधी होती. फक्त कामाची जागा पहिल्या मजल्यावर होती!

तो जिना ज्यानं बांधला त्याच्या घरी माणसं राहत नसावीत, मांजरं राहत असावीत. लाकडी, उभाच्या उभा, आणि इतका अरुंद की जाड माणूस आत शिरला की मागच्याला अंधार. कठडा नव्हताच. धरायला वरून एक जाड दोर सोडलेला. मध्यावर एक वळण, आणि वळणाला रस्त्याकडं बघणारी हातभर खिडकी.

पहिल्या दिवशी मी खाली उभा राहून वर बघत होतो. आमचे शिपाई आले. उमेदीत कुस्त्या मारलेला माणूस, कान फुटलेले, मान नावालाही नाही. सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं.

"काय बघतासा?"

"जिना."

"त्यात काय बघायचं हाय?" असं म्हणून मामांनी मला गुळाच्या ढेपेसारखा खांद्यावर टाकला आणि थेट वर हेडक्लार्कच्या पुढ्यात उतरवला. "घ्या. नवीन कारकून."

मी मस्टरवर सही केली. मामांना दमही लागला नव्हता.

मी संध्याकाळी त्यांना म्हटलं, "मामा, हे असं नको." मामांना वाटलं, खांदा टोचला असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात असलेली एक खुर्ची आणली आणि शेजारच्या तालमीतून दोन पैलवान. मी म्हटलं, "अहो मामा, नको." त्यांना वाटलं, पैलवानांना त्रास होईल म्हणून लाजतोय. म्हणाले, "त्येंचा व्यायाम हुतोय, तुमी वर पोचतासा. कुणाचं काय जातंय?"

इथं परगावच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करायला हवा. कोल्हापुरात 'नको' या शब्दाला फारशी किंमत नाही. पंगतीत पाहुणा "नको, नको" म्हणत ताटावर आडवा पडला तरी वाढपी त्याच्या बोटांच्या फटीतून रस्सा ओततो. नको म्हणणं हे पाहुण्याचं काम आणि न ऐकणं हे यजमानाचं. दोघांनी आपापलं काम चोख केलं की जेवण झकास झालं असं समजतात. माझंही तसंच झालं. मी रोज सकाळी नको म्हणायचो, ते रोज उचलायचे.

गरज खरं तर फक्त जिन्यापुरती होती. पण जिन्याआधी अंग गरम व्हायला पाहिजे असं पैलवानांचं म्हणणं पडलं, म्हणून ते मला कोपऱ्यावरच्या पानपट्टीपासूनच उचलू लागले. आणि खोटं कशाला बोलू, थोड्या दिवसांत मला मजा यायला लागली. उंचावरून गल्ली फार छान दिसते. कुणाच्या गच्चीत सांडगे वाळताहेत, कोण अजून दात घासतोय, सगळी खबर मला. खुर्चीतून हेडक्लार्कना ओव्हरटेक करताना "येऊ का पुढं?" असं विचारायचो, ते तर मला फारच आवडायचं. ते सायकल ढकलत, धापा टाकत, "या, या" म्हणायचे.

वर्ष कसं गेलं कळलं नाही. कळलं तेव्हा पुण्याचे साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते.

त्या संध्याकाळी मला ती अट आठवली. दुसऱ्याच्या मदतीवाचून! मी तर दोन पैलवान आणि एका शिपायाच्या मदतीनं येत होतो. साहेबांनी ती वरात पाहिली की संपलंच. मामांना जाऊन म्हटलं, "उद्या खुर्ची नको हं. अजिबात नको."

"बरं, बरं," मामा म्हणाले, आणि त्या 'बरं'वरूनच मी ओळखलं की उद्या खुर्ची असणार.

तेव्हा मी ठरवलं, ते यायच्या आत आपण वर जाऊन बसायचं. माझी स्वतःची एक पद्धत होती. पायरीकडं पाठ करायची, बुड टेकायचं, दोन्ही हातांनी रेटून वरच्या पायरीवर बसायचं, पाय मागून ओढून घ्यायचा. मी राहायचो ती भाड्याची खोलीही माडीवर होती, रात्री जेवून तिथं जाताना मी असाच चढायचो. तिथं बघायला कुणी नसायचं. पण त्या दिवशी मी नवी कोरी टेरिकॉटची पँट इस्त्री करून घातली होती. पुण्याच्या साहेबांना पार्श्वभागावर वर्षाची धूळ घेऊन कसं भेटायचं? म्हणून वर्तमानपत्र नेलं. एका पायरीवर पान पसरायचं, बसायचं, पुढचं पान वर पसरायचं, त्यावर सरकायचं, खालचं उचलायचं. शोभा होती त्यात, पण वेग नव्हता. वळणापर्यंत पोचलो तोवर गल्ली जागी झाली होती. तिथं दम खायला बसलो आणि खिडकीतून खाली नजर टाकली.

पानपट्टीजवळ खुर्ची ठेवलेली. बाजूला दोन पैलवान. पण आमचे नेहमीचे नव्हेत! नेहमीचे दोघं चंदगडकडच्या एका जत्रेत कुस्तीला गेलेले, त्यांच्या जागी तालमीच्या वस्तादांनी दोन नवे गडी पाठवलेले. मामा त्यांना समजावत होते आणि मामांचा आवाज म्हणजे गल्लीला दवंडीच.

"नीट ऐका. मी साहेबास्नी आणाय रेस्ट हाऊसला चाललोय. इकडं आपला कारकून यील. पांढरा शर्ट, जरा लंगडतंय. उचलाय गेला की 'नको नको' म्हणंल. ऐकायचं न्हाय. लई लाजाळू हाय. कळलं?"

"कळलं की."

मामा हार घेऊन टांग्यात बसले आणि गेले. मी खिडकीतून ओरडणार होतो, पण म्हटलं, जाऊ दे, मी तर सुटलोच. ते दोघं बसतील वाट बघत.

आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ लंगडत आले.

नंतर सगळा उलगडा झाला. साहेबांनी आदल्या संध्याकाळी कोल्हापुरात येऊन प्रत्येक पाहुणा करतो तेच केलं होतं, करकरणारं कोल्हापुरी पायताण घेतलं होतं. आणि सकाळी टांग्याची वाट न बघता, मुद्दाम, ऑफिसला बेसावध गाठायला चालत निघाले होते. नवं पायताण पहिल्या दिवशी कुणाची भीड ठेवत नाही. दोन्ही पावलं वरून सोलली होती, अंगठ्याला पट्टा चावला होता, आणि साहेब पाय जपत, ओठ आवळत येत होते.

"आलं बघ," एक पैलवान म्हणाला. दुसऱ्यानं खुर्ची पुढं सरकवली. "या पावणं. बसा."

"मी? नको. नको हो."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. खात्री पटली.

"ह्योच हाय! उचल!"

"अहो! अहो, काय करताय? सोडा मला! मी पुण्याहून आलोय!"

"कुठनं पण या की, वर न्हेऊन ठेवतो. गप बसा. पडशिला."

"नको म्हणतोय ना!"

"त्ये म्हाईत हाय आमाला," आणि बजरंगबलीचं नाव घेऊन त्यांनी साहेबांना असं उचललं की साहेबांचं एक पायताण पानपट्टीच्या फळीवर जाऊन पडलं. पानपट्टीवाल्यानं सवयीनं सलाम ठोकला. नळावरच्या एका बाईनं घागर बाजूला घेत विचारलं, "आज नवीन हाय व्हय कोण?" मी खिडकीत गोठलो होतो. ते कोण असणार हे मला एव्हाना कळलं होतं. घसरत खाली जावं की वर पळावं हे कळत नव्हतं, आणि पळणं तर मला आयुष्यात कधी जमलेलंच नव्हतं.

वरात जिन्यात शिरली. वरचा पैलवान पाठमोरा चढत होता, त्याच्या हातात खुर्चीची पाठ. खालच्याच्या हातात पुढचे पाय. वरच्याची पाठ माझ्या गुडघ्यांना येऊन थडकली आणि सगळं थांबलं.

"का थांबला रं?" खालून.

"जिन्यात कोण तर बसलंय."

"कोण?"

वरच्यानं मान वळवून माझ्याकडं, माझ्या काठीकडं, लोखंडी पट्ट्यांकडं बघितलं. "लंगडं हाय."

"खुळा हाईस काय? लंगडं तर खुर्चीत हाय की!"

"आयला," वरचा म्हणाला, "दोन हायत!"

खुर्चीतल्या साहेबांनी मान मागं टाकली आणि उलट्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वर्तमानपत्रावर बसल्या बसल्या हात जोडले. "नमस्कार साहेब. मी तो वर्षाच्या नेमणुकीवरचा कारकून."

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "म्हणजे हे लोक रोज तुम्हाला असं…"

"रोज, साहेब. पण हे दोघं नवीन आहेत. नेहमीचे यापेक्षा पुष्कळ सुबक नेतात."

वर जिन्याच्या तोंडाशी हेडक्लार्क येऊन उभे होते. पुण्याचे सगळे साहेब असेच येत असावेत अशा चेहऱ्यानं ते कमरेत वाकले. "यावं साहेब, यावं. चहा सांगितलाय."

पण यावं कसं? वळणावर खुर्ची तिरकी अडकली होती. मला त्या वळणाचा वर्षाचा अनुभव. मी सांगू लागलो, "मागचा पाय उचला, हं, आता खुर्ची भिंतीकडं झुकवा. साहेब, डोकं खाली घ्या, वर तुळई आहे." खुर्ची सुटली, वळणाच्या पायरीवर टेकली, आणि साहेब तिच्यातून उडी मारल्यासारखे बाहेर आले. उभं राहायला त्यांनी दोर धरला, दोर झोपाळ्यासारखा भिंतीकडं गेला, साहेब त्याच्याबरोबर गेले आणि परत येऊन माझ्या शेजारी धपकन बसले.

साहेबांनी सोललेलं पाऊल चोळलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मी त्यांना किती वेळा नको म्हटलं."

"ऐकलं मी, साहेब."

"तुम्हीही म्हणता का?"

"वर्ष झालं."

साहेबांनी डोळे पुसले. घाम होता की हसू ते मला तेव्हा समजलं नाही. मग त्यांचा चेहरा पुन्हा सरकारी झाला. "पण तुमच्या नेमणुकीत अट आहे," ते म्हणाले. "मदतीशिवाय ये-जा. मी स्वतः पाहिलं ते कसं विसरू? खोटं लिहायचा माझा स्वभाव नाही."

मी बांध पाहिला, पाखरं पाहिली. आणि माझी जीभ, जी कधीच माझ्या सल्ल्यानं चालत नाही, ती सुटली. "साहेब, आता तुम्हाला वर जायचंय की खाली?"

"पाय बघा माझे. वर कसा जाणार? आणि त्या खुर्चीत मी मेलो तरी बसणार नाही."

"मग खाली चला. माझ्या पद्धतीनं. मी दाखवतो."

साहेबांनी वर बघितलं. हेडक्लार्क अजून वाकलेलेच होते. "तुम्ही आत जा," साहेब गरजले. हेडक्लार्क गेले. पैलवान रिकामी खुर्ची खाली घेऊन गेले, त्यांनाही भिंतीकडं तोंड करून उभं राहायचा हुकूम झाला. मी वर्तमानपत्राचे दोन भाग केले. अग्रलेखाचं पान साहेबांना दिलं, बाजारभावाचं मी घेतलं. आणि मग पुण्याचे वरिष्ठ अधिकारी आणि मी, पुढं-मागं, पायरी पायरीनं, बुडावर सरकत उतरू लागलो.

"हात मागं टेका, साहेब. पाय नंतर."

"असं?"

"अगदी बरोबर. पहिल्याच दिवशी छान जमतंय तुम्हाला."

"चेष्टा करू नका." दोन पायऱ्या गेल्यावर, "वर असं काय आहे हो, जे खाली असू शकत नाही?"

मी विचार केला. खरंच काय होतं? "मस्टर, साहेब. हेडक्लार्क. आणि पंखा."

"आणि खाली?"

"कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे ठेवायची खोली. रस्त्याकडं खिडकी आहे. वारा येतो."

"मग तुमचं टेबल तिथं ठेवा असं कधी मागितलं नाहीत?"

काय सांगणार? माझ्यासाठी तीन माणसं रोज घाम गाळत होती. असं प्रेम करणाऱ्याला कुणी म्हणतं का, की बाबांनो, इतकं नको, नुसतं टेबल हलवा? साहेबांना एवढं म्हटलं, "मागायला तोंड उघडलं की उचलतात, साहेब."

साहेब इतके हसले की त्यांची एक पायरी चुकली.

खालच्या खोलीत ते फॉर्मांच्या गठ्ठ्यावर बसले, पाय बादलीतल्या पाण्यात सोडले आणि म्हणाले, "तपासणी इथंच होईल." झालं! फायली खाली आल्या, हेडक्लार्क खाली आले, पुन्हा वर गेले, शिक्का घेऊन पुन्हा खाली आले. शेवटी मस्टर आणायला सांगितल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला. "साहेब, मस्टर आजवर कधी खाली आणलेलं नाही."

"का?"

हेडक्लार्कनी बराच विचार केला. मग जाऊन मस्टर आणलं.

या सगळ्यात मामा परतले. रेस्ट हाऊसवर साहेब नाहीत म्हणून स्टेशन धुंडाळून, गळ्याशी हार धरून, घामाघूम. दारात पैलवान भिंतीकडं तोंड करून उभे.

"काय रं, कारकून पोचला?"

"मामा," एक जण भिंतीला उद्देशून म्हणाला, "आमी साहेबास्नीच उचललं."

मामांनी आत डोकावून बघितलं. गठ्ठ्यावर अनवाणी साहेब, बाजूला मी. मामा मनातून उन्मळून पडले असतील, पण हरल्या कुस्तीतही पाठ लावायची नाही हा त्यांचा जुना बाणा. पुढं होऊन त्यांनी साहेबांच्या गळ्यात हार घातला, पानपट्टीवरून आणलेलं पायताण उलटंपालटं करून बघितलं आणि दमात घेतलं, "नवीन पायताण असं कोरडं घालत्यात व्हय, साहेब? तेल पाजाय लागतंय त्येला. ठेवा हितं. उद्या देतो."

"नको, नको," साहेब म्हणाले. अर्थात पायताण मामांनी नेलंच.

संध्याकाळी साहेबांनी मला समोर बसवून टाईप करायला सांगितलं. अटीचा एक शब्द त्यांनी बदलला नाही. फक्त त्याआधी एक ओळ घातली: या कर्मचाऱ्याची कामाची जागा यापुढे तळमजल्यावरील खोली ही राहील, हजेरीपुस्तक तेथेच ठेवावे. मग मला म्हणाले, "रस्त्यावर जा आणि तिथून या खोलीत येऊन दाखवा." मी गेलो. उंबरा ओलांडून आलो. पैलवान पुढं झेपावणार होते, मामांनी दोघांची गर्दन धरून ठेवली होती. साहेबांनी पुढचं वाक्य सांगितलं आणि ते वाक्य टाईप करताना मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या चुका केल्या की कागद तीनदा बदलावा लागला. मी कायम झालो होतो.

तालमीचे वस्ताद दुसऱ्या दिवशी तावातावानं आले. आमच्या पोरांचं धरायचं चुकलं काय, म्हणून. त्यांची समजूत घालायला मला आणि मामांना दोन चहा लागले. शेवटी माझं टेबल खाली आणायचं काम त्यांच्याच पोरांना दिलं. त्यांनी ते मी बसायच्या आधी तीन ठिकाणी ठेवून बघितलं.

खाली बसण्याचे परिणाम मात्र मला कुणी सांगितले नव्हते. मी दाराशी, म्हणजे येणारा प्रत्येक जण मलाच विचारणार. "पावणं, साहेब हाईत?" "पावणं, ह्यो कागद कुणाकडं?" "पावणं, प्यायला पाणी घावंल काय?" काम दुप्पट झालं. कुणाला वर पाठवायचं आणि कुणाला खालूनच मार्गी लावायचं हे माझ्या हातात आल्यामुळं वर जाणारी माणसं कमी कमी होत गेली. मस्टर खाली असल्यामुळं सगळे आधी खाली यायचे आणि आले की गप्पांत अडकायचे.

काही महिन्यांनी हेडक्लार्क एका दुपारी चष्मा पुसत खाली आले. म्हणाले, "वर फार शांत शांत वाटतं हो." मग आठवड्यानं त्यांचं टेबल आलं, मग त्यांचं कपाट आलं. ते निवृत्त होईपर्यंत आम्ही दोघं त्या खोलीत कोपर लावून बसलो आणि खिडकीजवळच्या जागेसाठी रोज भांडलो. ते ज्येष्ठ होते, त्यांना दम्याचा त्रास होता, वारा त्यांना हवा होता हे मला मान्य होतं. पण मी जागा सोडली नाही.